माथेरानची वाहनबंदी आणि न्यायालय : नियोजनाचे निर्बंध व श्रमिकाचे स्वातंत्र्य

प्रास्ताविक

नगरनियोजनाचा कायदा आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांच्यातील संघर्षाचा इतिहास आपल्याकडे बहुतांशी जमीनमालकाच्या अंगाने लिहिला गेला आहे. मुंबई प्रांताने १९१५ साली केलेला नगररचना कायदा हा देशातील या विषयावरील पहिला कायदा होय. पुढे १९५४ च्या मुंबई नगररचना अधिनियमास जे आव्हान मिळाले, त्यात प्रश्न भूखंडाचा व नुकसानभरपाईचाच होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या माणेकलाल छोटालाल आणि १९६९ च्या शांतिलाल मंगळदास या खटल्यांत तो कायदा वैध ठरविला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम १२७ वर २००७ साली झालेला गिरनार ट्रेडर्सचा निवाडाही आरक्षित जमीन किती काळ अडकवून ठेवावी याविषयीचाच आहे. या सर्व खटल्यांत स्वातंत्र्य म्हणजे मालमत्तेचा निर्वेध उपभोग, असे गृहीत धरलेले दिसते.

कर्जत तालुक्यातील माथेरानचा खटला या परंपरेत बसत नाही. येथे निर्बंधाविरुद्ध दाद मागणाऱ्याजवळ भूखंड नव्हता. त्याच्याजवळ हातरिक्षा ओढण्याचा परवाना होता. नियोजनाच्या निर्बंधाचा भार प्रत्यक्षात कोण वाहतो, हा प्रश्न या खटल्यामुळे कायद्याच्या इतिहासात आला, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

गिरिस्थानाची घडण

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे आजच्या खालापूर तालुक्यातील चौक येथे मुक्कामास असताना समोरचा डोंगर चढून गेले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला, असे सांगण्याची रूढी आहे. धनगर, ठाकूर, कातकरी या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते, त्यांच्या लेखी शोध लागण्यासारखे काही नव्हते. १८५५ साली गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी येथे निवास बांधण्याचे ठरविले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची व मुंबईच्या धनिक शेटियांची वस्ती वाढू लागली. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, तेव्हा नेरळ हे पायथ्याचे ठाणे झाले. १९०५ साली नगरपालिका स्थापन झाली. १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलातून नेरळ–माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी सुरू झाली.

या घडणीत मोटारीला स्थान नव्हते. गिरिस्थान म्हणजे शांतता, सावली आणि तांबड्या मातीच्या वाटा, ही वासाहतिक अभिरुची स्वातंत्र्यानंतरही टिकली, किंबहुना पर्यटनाचे भांडवल ठरली. मात्र शांततेची ही व्यवस्था आपोआप चालत नव्हती. ज्याला चालवत नाही त्याला कोणीतरी वाहून न्यावे लागे. आरंभी हे काम पालखी, खुर्ची व तट्टू यांवर चाले, पुढे हातरिक्षा आली. मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात. तेथून बाजारपेठेपर्यंतच्या सुमारे अडीच-तीन किलोमीटरच्या चढउतारावर एकाने रिक्षा ओढावयाची आणि इतरांनी मागून रेटावयाची, अशी ही रीत.

२००३ ची अधिसूचना

डहाणू (१९९१) व महाबळेश्वर–पाचगणी (२००१) यांच्यानंतर माथेरानची पाळी आली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपसारख्या संस्थांनी न्यायालयात केलेल्या पाठपुराव्याची त्यास पार्श्वभूमी होती. २००२ साली मसुदा प्रसिद्ध झाला. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. सुमारे २१५ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र माथेरान नगरपालिकेच्या हद्दीपुरते नव्हते. पायथ्याची अनेक गावेही त्यात आली. खाणकाम, वृक्षतोड, तीव्र उतारावरील बांधकाम, भूजलाचा उपसा या सर्वांवर निर्बंध आले. रुग्णवाहिका व अग्निशमनाची वाहने वगळता नगरपालिका हद्दीतील वाहनबंदी, जी तोवर प्रथा व स्थानिक नियम यांवर उभी होती, तिला केंद्रीय अधिसूचनेचे बळ मिळाले.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावयास हवा. प्रादेशिक योजनेचा निर्बंध जमिनीवर पडतो. मुंबई महानगर प्रदेशाच्या १९७३ व १९९९ च्या योजनांतील हरित पट्टे, अथवा २०१३ मध्ये सिडकोकडे सोपविलेले ‘नैना’ क्षेत्र, ज्यात कर्जत–खालापूरमधील काही गावेही आली, यांविषयीचे वाद क्षेत्रफळाचे व मोबदल्याचे असतात. मोबदला मोजता येतो. वाहनबंदीचा निर्बंध मात्र शरीरावर पडतो आणि त्याचा हिशेब कोणत्याही योजनेच्या अहवालात नसतो. गाडी येणार नाही एवढेच अधिसूचनेने ठरविले. गाडीच्या जागी माणूस येईल, हे तिने लिहिले नाही, पण गृहीत धरले.

स्वातंत्र्याची दोन रूपे

सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविण्याचा हक्क नागरिकांस आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच सगीर अहमद खटल्यात मान्य केले होते. परंतु अनुच्छेद १९ च्या पाचव्या व सहाव्या खंडांत सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंधास जागा आहे. पर्यावरणरक्षण हे सार्वजनिक हित आहे याविषयी वाद उरलेला नाही. तेव्हा केवळ संचारस्वातंत्र्याच्या आधारे माथेरानची वाहनबंदी मोडणे कठीणच होते, आणि ती मोडावी असे या डोंगराची अवस्था पाहता कोणी म्हणेल असेही वाटत नाही. २००५ च्या अतिवृष्टीत वाहून गेलेला रेल्वेमार्ग पुन्हा सुरू व्हावयास २००७ साल उजाडले, ही आठवण ताजी आहे.

हातरिक्षाचालकांच्या मागणीचा आधार वेगळा होता : अनुच्छेद २१ मधील प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क. त्यास अनुच्छेद २३ ची जोड मिळते. दारिद्र्यामुळे पत्करलेले श्रमही ‘सक्ती’च्या व्याख्येत येऊ शकतात, असे न्यायालयाने १९८२ साली एशियाड कामगारांच्या खटल्यात सांगितले होते. त्याआधी १९८० मध्ये पंजाबच्या सायकलरिक्षा चालकांच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी मालकाच्या जागी चालकालाच रिक्षेचा धनी करण्याची वाट दाखविली होती.

न्यायालयातील वाटचाल

गोदावर्मन या १९९५ पासून चालू असलेल्या वनविषयक याचिकेतच माथेरानचे अर्ज सुनावणीस आले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना मुभा दिली आणि डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा तीन महिन्यांसाठी धावल्या. शाळकरी मुले व वृद्ध यांना त्यांचा मोठा आधार झाला. घोडेवाल्यांच्या संघटनांनी विरोध केला. त्यांच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न खोटा नव्हता. ज्या निर्बंधाने एकाची पाठ वाकली, त्याच निर्बंधावर दुसऱ्याची चूल पेटत होती. ई-रिक्षांसाठी पेव्हर ब्लॉक बसविण्याच्या कामावरही आक्षेप आले व फेब्रुवारी २०२३ मध्ये ते थांबविण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये, ई-रिक्षा केवळ सध्याच्या हातरिक्षाचालकांनाच, त्यांचा रोजगार जात असल्याची भरपाई म्हणून द्याव्यात, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सहा महिन्यांच्या आत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला. १९८० च्या निवाड्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीही माणसाने माणसाला ओढावे, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर राज्याने ई-रिक्षा विकत घेऊन त्या चालकांना भाड्याने द्याव्यात, निधीची टंचाई ही सबब चालणार नाही, आणि उरलेल्या रिक्षा परिसरातील आदिवासी महिला व इतर गरजूंना द्याव्यात, असे आदेशात म्हटले आहे. दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मार्गावर मातीचे पेव्हर ब्लॉक बसविण्यास संमती मिळाली. अंतर्गत रस्ते व पायवाटा मात्र त्यातून वगळल्या.

वाहनबंदी अशा रीतीने कायम राहिली आणि तिचा भार तेवढा हलला. निर्बंध रद्द करावा किंवा वैध ठरवावा, या दोन टोकांतच नियोजनविषयक खटल्यांचा निकाल लागतो, अशी आपली समजूत असते. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथवासीयांचा उपजीविकेचा हक्क मान्य झाला, पण पदपथ सोडावाच लागला. माथेरानमध्ये हक्काबरोबर साधनही देण्याचा आदेश झाला, हा फरक लहान नाही.

आदेशातील एक तरतूद मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष पाहावी. खरा हातरिक्षाचालक कोण, हे ठरविण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपविले आहे. माथेरानमध्ये हातरिक्षेचे परवाने चौऱ्याण्णव. परवाना एकाच्या नावावर असतो, रिक्षेला हात लावणारे दोघे-तिघे. मागून रेटणाऱ्याचे नाव नगरपालिकेच्या नोंदवहीत कधी चढलेच नाही.