झाशीचे ड्रॉइंग मास्तर

आजचा भाग झाशीचा आहे, पण राणीचा नाही. राणीवर बोलणारे पुष्कळ आहेत. आज मला बोलायचंय ते झाशीतल्या एका शाळामास्तरांबद्दल. त्यांचं नाव मास्टर रुद्रनारायण सिंह. सरस्वती पाठशाळेत ते चित्रकला शिकवायचे. नाव ऐकलं नसेल, पण त्यांनी काढलेला एक फोटो तुम्ही शंभर वेळा पाहिलाय. उघडं अंग, खांद्यावरून जानवं, मनगटावर घड्याळ आणि मिशीला पीळ देणारा हात. चंद्रशेखर आझाद. हा फोटो शाळेच्या भिंतीवर असतो, रिक्षाच्या मागे असतो, टी-शर्टवर असतो. काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

मास्तरांकडे जाण्याआधी त्या काळी शिक्षकाची नोकरी काय चीज होती ते बघू, नाहीतर त्यांनी किती मोठी जोखीम घेतली ते कळणार नाही.

उत्तरेत, तेव्हाच्या वायव्य प्रांतात, १८५० च्या सुमारास थॉमसन नावाच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या काळात ‘हलकाबंदी’ शाळा सुरू झाल्या. हलका म्हणजे आसपासच्या गावांचा गट. त्या सगळ्या गावांना मिळून मध्यावर एक शाळा, आणि खर्चासाठी जमीनमहसुलावर शेकडा एक रुपया. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८६० नंतर ‘लोकल फंड’ आला, महसुलाच्या रुपयामागे एक आणा, आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला. पुढे दोन्हीकडे १८८३-८४ च्या कायद्यांनी लोकल बोर्डं आली आणि गावच्या शाळा हळूहळू त्यांच्या अंगावर पडल्या. म्हणजे मास्तरचा पगार शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून निघायचा, पण त्याच्यावर हुकूम चालायचा कलेक्टर साहेबाचा. जिल्हा बोर्डात कलेक्टरचं वजन किती असायचं हे वेगळं सांगायला नको.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आलोय, त्यामुळे हे वाचताना मला हसू येतं. आमच्या जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या आणि १९६७ चे वर्तणूक नियम आम्हाला आजही लागू आहेत. राजकारणात पडायचं नाही, चळवळीत जायचं नाही. नियम नवे, वळण जुनंच.

जुनं म्हणजे किती? वंगभंगाच्या चळवळीत पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा बंगालमध्ये १९०५ साली कार्लाइल परिपत्रक निघालं. १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांनी तसंच परिपत्रक सगळ्या देशासाठी काढलं. मतलब सरळ होता. विद्यार्थी किंवा शिक्षक राजकारणात दिसले तर शाळेचं अनुदान जाईल, मान्यता जाईल. म्हणजे शिक्षा एकट्या मास्तरला नाही, अख्ख्या शाळेला. त्यामुळे संस्थाचालक स्वतःच मास्तरवर नजर ठेवायला लागले. सरकारला पोलीस कमी लागले.

याचा चटका बुंदेलखंडातच एका माणसाला बसला होता. धनपतराय नावाचे एक शिक्षक बढती मिळून हमीरपूर जिल्ह्यात शाळांचे सब-डेप्युटी इन्स्पेक्टर झाले. महोबा, कुलपहाड भागात गावोगाव शाळा तपासत फिरायचे. त्यांनी ‘नवाबराय’ या नावाने ‘सोज़े वतन’ हा उर्दू कथासंग्रह १९०८ मध्ये छापला होता. कलेक्टरने बोलावून घेतलं, कथा राजद्रोही ठरवल्या आणि उरलेल्या प्रती जमा करून जाळायला लावल्या. यापुढे काहीही लिहिलं तर आधी दाखवायचं, असंही बजावलं. नोकरी तर सोडता येत नव्हती, मग नाव सोडलं. नवं नाव घेतलं, प्रेमचंद. गांधीजी गोरखपूरला बोलून गेले त्यानंतर, फेब्रुवारी १९२१ मध्ये, त्यांनी सरकारी शाळेची नोकरीही सोडली. वीसेक वर्षांची नोकरी होती.

आता झाशी. ९ ऑगस्ट १९२५ ला काकोरीजवळ सरकारी खजिना नेणारी रेल्वेगाडी लुटली गेली. धरपकड सुरू झाली. आझाद तेव्हा एकोणीस वर्षांचे, ते निसटले आणि झाशीत आले. झाशीत क्रांतिकारकांची ओळखपाळख आधीपासून होती. शचींद्रनाथ बक्षी तिथे संघटनेचं काम करून गेले होते, आणि मास्टर रुद्रनारायण या वर्तुळातले वडीलधारे. भोवती जमलेली पोरं शाळकरी वयाची, भगवानदास माहौर, सदाशिवराव मलकापूरकर, विश्वनाथ गंगाधर वैशंपायन. शेवटच्या दोन आडनावांवर तुम्ही थांबला असाल. छत्रसालाने बाजीरावाला बुंदेलखंडातला तिसरा हिस्सा दिला तेव्हापासून मराठी घरं त्या बाजूला गेली आणि तिथलीच झाली. झाशीचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं तरी ही कुटुंबं राहिली. घरात मराठी, गल्लीत बुंदेली, शाळेत हिंदी.

मास्तरांनी आझादांना घरात ठेवून घेतलं. पाहुणा म्हणून नाही, घरचाच माणूस म्हणून. हे वाक्य बोलायला सोपं आहे. कायदा काय होता ते बघा. भारतीय दंड संहितेचं कलम २१६-अ, दरोडेखोरांना आसरा देणं. शिक्षा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. काकोरीचा खटला तर खुनासह दरोड्याचा होता, त्यात फाशी होऊ शकत होती आणि डिसेंबर १९२७ मध्ये चौघांना झालीही. बिस्मिल, अशफाकउल्ला, रोशन सिंह आणि राजेंद्र लाहिरी. अशा खटल्यातला फरार आरोपी घरात, घरी बायकोमुलं, आणि सकाळी उठून मास्तरांनी शाळेत जायचं. फळ्यावर मडकं काढायचं, त्याची सावली कशी पडते ते पोरांना समजावायचं, वह्या तपासायच्या.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त ओढ वाटते ती इथे. नोकरी सोडून चळवळीत उडी घेणारे शिक्षक आपल्याला माहीत आहेत. साने गुरुजींनी १९३० मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलची नोकरी सोडली आणि सत्याग्रहात गेले. ते मोठंच होतं. पण रुद्रनारायण मास्तरांना नोकरी सोडून चाललं नसतं. मास्तरच्या घरी पोरं येतात-जातात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. संध्याकाळी चार तरुण बसलेले दिसले तर शिकवणी असेल म्हणतात. नोकरी हाच आडोसा होता. म्हणून ती नीट करावी लागत होती. चळवळीतल्या माणसाने वेळेवर हजेरी घेणं, हेही चळवळीचंच काम होतं. मात्र अशा कामाची नोंद कुठल्या राजीनाम्यात सापडत नाही, आणि इतिहास लिहिणाऱ्यांना कागद लागतो. त्यामुळे राजीनामा देणारे पुस्तकात गेले आणि न देणारे राहिले. मला हे बरोबर वाटत नाही.

झाशी शहरात फार दिवस राहणं धोक्याचं होतं. झाशीपासून पाच-सहा कोसांवर ओरछा, आणि ओरछा म्हणजे संस्थानी मुलूख. इंग्रजांच्या पोलिसांना तिथे सरळ घुसता येत नव्हतं. तिथे सातार नदीकाठी, हनुमानाच्या देवळाजवळ झोपडी बांधून आझाद ‘हरिशंकर ब्रह्मचारी’ झाले. आणि तिथे त्यांनी काय केलं? शेजारच्या धिमरपुरा गावातल्या पोरांना शिकवायला सुरुवात केली. म्हणजे झाशीत खरा मास्तर क्रांतिकारकाला लपवत होता, आणि सातारकाठी क्रांतिकारक मास्तर होऊन लपत होता. गावाला बैरागी चालतो, पण पोरांना अक्षरं शिकवणारा बैरागी जास्त चालतो. त्याला कुणी हुसकावत नाही. आझादांनी हे बरोबर हेरलं होतं. झाशीत असताना ते बुंदेलखंड मोटर गॅरेजमध्ये मोटार चालवायलाही शिकले.

फोटो झाशीतला. आझाद फोटोला तयार नसायचे, ते साहजिकच होतं, पोलिसांना चेहरा मिळाला की संपलं. मास्तर चित्रकार माणूस, कॅमेराही हाताळायचे. त्यांनी गळ घातली आणि फोटो निघाला. असं सांगतात की पुढे आझादांनी ती काच फोडून टाका असा निरोप धाडला आणि मास्तरांनी तो ऐकला नाही. काच लपवून ठेवली. क्रांतिकारकाच्या शिस्तीत हे चुकीचंच. पण २७ फेब्रुवारी १९३१ ला अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये आझाद गेल्यावर लोकांच्या हातात त्यांचा चेहरा राहिला तो त्या एका हट्टापायी. विद्यार्थ्याचं चांगलं चित्र मास्तर सहसा फाडत नाही, एवढंच मी म्हणेन.

त्या पोरांचं काय झालं, तेही सांगतो, कारण धागा आपल्या खानदेशात येतो. माहौर आणि मलकापूरकर ११ सप्टेंबर १९२९ ला भुसावळ स्टेशनवर पकडले गेले. सामानात पिस्तुलं आणि बॉम्बचं साहित्य होतं. खटला जळगावला चालला. २१ फेब्रुवारी १९३० ला माफीचे साक्षीदार जयगोपाल आणि फणींद्र घोष साक्षीला आले असताना माहौरांनी भर कोर्टात त्यांच्यावर पिस्तूल झाडलं. दोघेही वाचले. माहौरांना जन्मठेप झाली, मलकापूरकरांनाही लांब शिक्षा. साने गुरुजींनी अमळनेरची शाळा सोडली ती दोनच महिन्यांनी, त्याच पूर्व खानदेश जिल्ह्यात. झाशीच्या मास्तरांच्या अंगणात वाढलेली पोरं आणि अमळनेरच्या मास्तरांची पोरं एकमेकांना ओळखत नव्हती, पण एकाच जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत त्या वर्षी दोघांच्याही बातम्या असणार.

सुटून आल्यावर मलकापूरकर आझादांच्या आईला, जगरानीदेवींना, झाशीला घेऊन आले आणि मुलासारखे सांभाळत राहिले. मार्च १९५१ मध्ये त्या झाशीतच वारल्या, अग्नी मलकापूरकरांनी दिला. वैशंपायनांनी आझादांचं चरित्र हिंदीत तीन भागांत लिहिलं. मलकापूरकर आणि माहौर यांनी शिव वर्मांसोबत आठवणींचं पुस्तक केलं. मास्तरांच्या घराची आज आपल्याला जी काही ओळख आहे ती मुख्यतः या पोरांनी लिहून ठेवलं म्हणून. सातारकाठच्या धिमरपुऱ्याचं नाव पुढे बदलून आझादपुरा झालं.

आणि माहौर? ते तुरुंगातून आले, राहिलेलं शिक्षण पुरं केलं, १८५७ चा हिंदी साहित्यावर काय परिणाम झाला यावर प्रबंध लिहिला, आणि झाशीच्या बुंदेलखंड कॉलेजात हिंदी शिकवू लागले.