‘काही नाही, घरीच असते’ : एका प्रश्नाचा इतिहास

मागच्या वेळी आपण गटाच्या नोंदवहीबद्दल बोललो. आज नोंदीच्या आधी जो प्रश्न विचारला जातो, त्याची गोष्ट सांगते. ही गोष्ट सगळ्या देशाची आहे. पण मला ती माझ्याच एका चुकीमुळे शोधावी लागली, म्हणून आधी ती चूक सांगते.

चार वर्षांपूर्वी आमच्या एका गटाला शेळ्या घ्यायला कर्ज हवं होतं. अर्जासोबत सर्व सदस्यांची माहिती जोडायची होती. फॉर्म मीच तयार केला. बी.ए. झालेली, अक्षर बरं, त्यामुळे असली कामं माझ्याकडेच येतात. पहिला रकाना कुटुंबप्रमुखाचं नाव, दुसरा सदस्याचं नाव, तिसरा ‘आपण काय करता?’, चौथा ‘मासिक उत्पन्न’. गटात दहाजणी. त्यातल्या सातजणींनी तिसऱ्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं, ‘काही नाही, घरीच असते.’ मी ‘गृहिणी’ लिहिलं आणि पुढे उत्पन्नात शून्य घातला. त्या सातातली एक आक्का उत्तर देत होती तेव्हा शेळीची धार काढत होती. मी समोर बाजेवर बसून ‘गृहिणी’ लिहीत होते. माझ्या काही लक्षात आलं नाही, तिच्याही नाही.

कर्ज मागितलं त्याच्या निम्मंच मंजूर झालं. साहेब म्हणाले, ‘मॅडम, फेडणार कशातून? कागदावर तर कुणाला उत्पन्नच नाही.’ काय बोलणार? कागद माझ्या हाताने भरलेला. त्या हंगामात चौघींना शेळ्या मिळाल्या नाहीत आणि त्यातल्या एकीने गावातून महिना तीन टक्क्यांनी पैसे उचलले. ते व्याज ती दोन वर्षं भरत होती.

त्यानंतर मी वाचायला लागले, की हा प्रश्न विचारायचा तरी कसा. तेव्हा कळलं, की हीच चूक आपल्या देशाच्या जनगणनेत होऊन गेली आहे आणि ती कोट्यवधी बायकांच्या बाबतीत.

१९६१ सालची जनगणना. तेव्हा जनगणना आयुक्त होते अशोक मित्र. प्रगणक घरोघर जाई आणि प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी भरी. त्या चिठ्ठीवर कामाचे प्रश्न सुटे सुटे होते. शेती करता का? शेतमजुरी करता का? घरगुती उद्योग करता का? याशिवाय दुसरं काही काम करता का? या चारही ठिकाणी ‘नाही’ आलं, तरच शेवटी विचारायचं की मग काय करता. शिवाय नियम असा, की हंगामी काम असेल तर हंगामाच्या बहुतेक दिवसांत रोज एक तास जरी नेमाने काम केलं, तरी तो माणूस कामकरी. म्हणजे ‘घरीच असते’ म्हणण्याआधी बाईला चार वेळा आठवायची संधी होती. एका प्रश्नाला नाही म्हणाली तरी पुढच्याला तिला खुरपणी आठवायची, नाहीतर दोरखंड वळणं आठवायचं. त्या वर्षी देशात ५ कोटी ९४ लाख बायका कामकरी म्हणून मोजल्या गेल्या. शंभरात २८.

पुढची जनगणना १९७१ ची. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली, बायकाही वाढल्या. पण कामकरी बायका झाल्या ३ कोटी १३ लाख! शंभरात जेमतेम १२. पंजाबात तर शंभरात एकच. गव्हाच्या त्या मुलुखात, घरोघरी म्हशी असताना!

झालं होतं काय? प्रश्न बदलला होता. आता प्रगणक पहिल्यांदाच विचारत होता, ‘तुमचं मुख्य काम काय?’ एका माणसाला एक उत्तर. बाईचं उत्तर ठरलेलं, घरकाम. आणि घरकाम म्हटलं की खूण पडे ‘काम न करणारे’ या गटात. त्याच गटात विद्यार्थी होते, पेन्शनर होते आणि भिकारीही होते. दुय्यम काम विचारायची सोय होती, पण मोजणीतला मोठा आकडा मुख्य कामावरून बनला.

बदल करणारे मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. त्यांना वाटलं, १९६१ ची व्याख्या फार सैल होती. रोज तासभर राबणारी आणि दिवसभर राबणारा, दोघे एकाच रकान्यात कसे? शंका रास्त आहे. पण ती फेडायला त्यांनी बाईला एकाच वाक्यात स्वतःची ओळख सांगायला लावली. दिवसातनं सतरा कामं करणाऱ्या बाईला ‘यातलं मुख्य कोणतं’ विचारलं तर ती काय सांगेल? जे केलं नाही तर घरात बोलणी बसतील, तेच सांगेल ना? म्हणजे स्वयंपाक.

आणि बऱ्याच ठिकाणी तिला विचारलंच नाही. प्रगणक ओसरीवर, समोर कर्ता पुरुष. ‘बायको काय करते?’ ‘घरीच असते.’ ती मागे परड्यात शेण्या थापत असेल, पण तिला हाक कोण मारतो?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळीच घट प्रश्नामुळे झाली नाही. गिरण्यांमध्ये, खाणींमध्ये बायकांच्या जागा खरोखर कमी होत होत्या. मुंबईच्या कापड गिरण्यांत वायंडिंग खात्यात एके काळी बायका मोठ्या संख्येने होत्या, त्या हळूहळू घरी बसवल्या गेल्या. भाताच्या गिरण्या आल्या तसं कांडपाचं काम गेलं. हे खरं आहे. पण दहा वर्षांत पावणेतीन कोटींहून जास्त बायकांनी काम सोडलं, हे कुणाच्या डोळ्यांनी पाहिलं होतं?

आपल्या महाराष्ट्राने तर लगेच उलटंच पाहिलं. जनगणना मार्च १९७१ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी बाहत्तरचा दुष्काळ. दुष्काळी कामं निघाली. मे १९७३ मध्ये एकाच वेळी पन्नास लाखांच्या आसपास माणसं खडी फोडत होती, तळी खणत होती, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. माझी आजी त्यात होती. पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, दुपारी सुकडी मिळायची ती निम्मी खाऊन निम्मी पदरात बांधून आणायची. दोन वर्षं आधी ओसरीवर आलेल्या माणसाने तिच्या नावापुढे काय लिहिलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

आकड्यांनी काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. योजना आकड्यांवरच आखल्या जातात. बायका शेतीच करत नाहीत असं कागद म्हणाला, तर बियाण्याचं प्रशिक्षण गड्यांना, अवजारं गड्यांना, पतपेढीचं सभासदत्व गड्यांना आणि बायकांना शिवणकामाचा वर्ग. हे आपण सगळ्यांनी भोगलंय.

१९७१ मध्येच केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला एक समिती नेमली होती. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. १९७४ मध्ये त्यांचा ‘समानतेकडे’ हा अहवाल तयार झाला. स्वातंत्र्यानंतर बायकांचं पुढे जाणं चालू आहे अशी जी सर्वांची समजूत होती, तिला या अहवालाने धक्का दिला. बायकांच्या कामाच्या या घसरत्या आकड्यांकडेही त्यामुळे लोकांचं लक्ष गेलं.

मग देवकी जैन यांनी एक वेगळी वाट धरली. १९७६-७७ मध्ये त्यांच्या संस्थेने राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या काही गावांत बायकांना ‘काय काम करता’ असं विचारायचं सोडून दिवस कसा जातो ते पाहायला माणसं बसवली. कोण किती वाजता उठलं, किती वेळ गवत कापलं, किती वेळ गुरांमागे गेला, ते घड्याळ लावून लिहून घेतलं. ज्यांची नोंद ‘फक्त घरकाम’ अशी होती, त्यांच्यातल्या कितीतरी जणी तासन्‌तास उत्पादनाचं काम करताना सापडल्या. लहान पोरीसुद्धा.

त्याच सुमारास, १९७७-७८ मध्ये, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानेही आपली पद्धत सुधारली. जी बाई ‘घरकाम’ सांगेल, तिला तिथेच सोडायचं नाही, पुढे विचारायचं. परसात भाजी लावता का? कोंबड्या, गुरं सांभाळता का? जळण गोळा करता का? शेण्या लावता का? मला हा भाग फार आवडतो. दिल्लीत बसलेल्या कुणीतरी कागदावर शेण्यांचं नाव लिहिलं, आणि लगेच हजारो बायकांना ‘हो’ म्हणता आलं.

जनगणनाही बदलली. १९८१ मध्ये प्रश्न आला, ‘गेल्या वर्षभरात कधीही काही काम केलं का?’ हो म्हणाल तर मग मोजणी, १८३ दिवस किंवा जास्त असेल तर मुख्य कामकरी, कमी असेल तर सीमांत. आकडा २० च्या घरात आला. १९९१ मध्ये त्याच प्रश्नाला एक शेपूट जोडलं : स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरून. इतकेच शब्द. पण ते मिळवायला अभ्यासक बायकांनी आणि स्त्री-संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली होती. आकडा २२ वर गेला. पुढे २००१ आणि २०११ मध्ये २५-२६. १९६१ चे २८ अजून परत आलेले नाहीत.

घरकामाचं काय, तर ते आजही ‘काम’ नाहीच. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या भरपाईचा खटला होता. तिची कमाई किती धरायची, हा वाद. तेव्हा न्यायमूर्तींनी जनगणनेवर बोट ठेवलं, की ३६ कोटी बायकांना तुम्ही काम न करणाऱ्यांत, भिकाऱ्यांच्या आणि कैद्यांच्या पंगतीला बसवलंत. भरपाई वाढवून मिळाली. म्हणजे रकान्यात काय लिहिलं यावर बाई मेल्यावर तिच्या लेकरांना किती मिळणार, तेही ठरू शकतं. २०१९ मध्ये देशभर वेळेची पाहणी झाली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. मुळात घरकाम करणारे पुरुषच शंभरात २६!

हे सगळं वाचून मी माझा फॉर्म पुन्हा लिहायला बसले. आधी पहिला रकाना खोडला. कुटुंबप्रमुख नंतर, पहिलं नाव बाईचं, तिच्या तोंडून. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. गाळली मतदार म्हणूनच!

मग ‘काय करता?’ खोडलं. त्या जागी विचारलं, ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत?’ काल आठवतो, वर्ष आठवत नाही. पण काल उन्हाळ्यातला असेल तर खुरपणी सुटणार. म्हणून पुढे, पंचमीच्या सुमारास कुठलं काम असतं, दिवाळीत कुठलं, शिमग्यानंतर कुठलं. महिने विचारले की बायका अडतात, सण विचारले की धडाधडा बोलतात.

माझा जुना एक प्रश्न होता, ‘खुरपणीला जाता का आणि रोज किती मिळतो?’ एकात दोन. स्वतःच्या रानात खुरपणारीला रोज मिळत नाही, म्हणून ती सरळ ‘नाही’ म्हणायची. त्याचे दोन प्रश्न केले. आणखी एक होता, ‘गटामुळे फायदा झाला ना?’ त्या ‘ना’ने घोळ घातला होता. ताई समोर बसल्यावर ‘नाही’ कोण म्हणेल? आता विचारते, ‘गटात आल्यापासून काय बदललं? काय बिघडलं?’ दुसऱ्या प्रश्नाला एकीने सांगितलं, हप्त्याच्या आदल्या रात्री घरात भांडण होतं. हे आठ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पैसे कुणाजवळ राहतात, हा प्रश्न मी घरात विचारत नाही. सासूबाई दाराशी असल्या की सगळ्यांचे पैसे ‘घरातच’ असतात. तो शेताच्या वाटेवर विचारते. आणि झेरॉक्स शेवटी काढते. आधी दोघींना विचारून बघायचं, कुठे अडतात ते पाहायचं, मग प्रती. पहिल्या वेळी मी आधीच शंभर प्रती काढून बसले होते. त्यांच्या पाठीवर मुलगा अजून गणितं करतो.

नवा फॉर्म घेऊन त्याच आक्कांकडे गेले. सव्वा तास लागला. पान पुरलं नाही, मागे लिहावं लागलं. दूध, लेंडीखत, बोकडाची विक्री, दुसऱ्याच्या रानात खुरपणी, ज्वारीची काढणी, शिवाय घरचं सगळं. शेवटी वैतागल्या, ‘किती इचारतीस बाई, माझी वैरण ऱ्हायली की.’ मी वेळेच्या रकान्यात तेही लिहिलं, वैरण, एक तास. गटाच्या दुसऱ्या अर्जाला तो फॉर्म जोडला आणि या वेळी मागितलेली रक्कम पूर्ण मंजूर झाली.

२०११ नंतरची जनगणना आता २०२७ ला होते आहे. प्रगणक दारात आला, तर ओसरीवरच्या माणसाला सगळी उत्तरं देऊ देऊ नका, पदराला हात पुसत का होईना, बाहेर या. ‘वर्षभरात काही काम केलं का?’ असं विचारलं, तर घरच्या रानातलं आणि गोठ्यातलं आधी सांगा. आमच्या फॉर्मची कोरी प्रत केंद्रावर ठेवली आहे. मंगळवारच्या बाजाराला याल तेव्हा घेऊन जा. आणि त्यातला एखादा प्रश्न कळला नाही तर सांगा, बदलू.