शाश्वत शेती व सेंद्रिय शेती

जमिनीचा कस, पाण्याचे साठे आणि शेतकऱ्याचे उत्पन्न ही पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतील अशा रीतीने केलेल्या शेतीस शाश्वत शेती म्हणतात. कारखान्यात संश्लेषणाने तयार केलेली खते व कीटकनाशके वर्ज्य करून केलेली शेती ती सेंद्रिय शेती होय. पहिलीची कसोटी परिणामांवर, तर दुसरीची मुख्यत्वे साधनांवर अवलंबून असते. या दोन संज्ञा पुष्कळदा समानार्थी म्हणून योजिल्या जातात, ते बरोबर नाही. मात्र दोन्ही विचारांच्या उगमाशी एकच प्रयोग आढळतो व तो माळव्यात झालेला आहे.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ ॲल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) हे १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूर येथील संशोधन संस्थेचे संचालक होते. शेण गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात असल्यामुळे शेतास खत अपुरे पडत असे. यावर हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसविली. पऱ्हाट्या व तुरीची तुराटी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली ठेचून घेत. मग तिचा गोठ्यात गुरांखाली अंथरूण म्हणून उपयोग होई. पुढे शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांसह ती खड्ड्यात थरांनी भरीत. तीन वेळा चाळविल्यावर सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. या पद्धतीचा ग्रंथ हॉवर्ड यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. जमिनीतून घेतलेले जमिनीस परत करावे, हे या पद्धतीचे सूत्र होते. रासायनिक खतांवरील हॉवर्ड यांची कठोर टीका मुख्यत्वे त्यांच्या १९४० च्या ग्रंथात आढळते.

त्याच वर्षी लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी इंग्लंडमध्ये सेंद्रिय शेतीची इंग्रजी संज्ञा रूढ केली. संपूर्ण शेत हा एक सजीव देह आहे, असा तिचा आशय होता. मराठीतील ‘सेंद्रिय’ या शब्दाची व्युत्पत्ती या अर्थाशी जुळते. परंतु सेंद्रिय खत या रूढ प्रयोगामुळे वाचकाच्या मनात खताचाच अर्थ प्रथम येतो. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ पासून मासिकाद्वारे या विचाराचा प्रसार केला.

बाजारपेठ वाढली तशी प्रमाणपत्राची गरज भासू लागली, आणि प्रमाणपत्रास निश्चित नियम लागतात. वर्ज्य पदार्थांची यादी तपासता येते. जमीन शंभर वर्षांनी कशी असेल, हे तपासता येत नाही. अमेरिकेच्या १९९० च्या कृषी अधिनियमात हा भेद स्पष्ट दिसतो. त्याच्या एका भागात सेंद्रिय मालाच्या प्रमाणनाची तरतूद आहे, तर दुसऱ्या भागात शाश्वत शेतीची व्याख्या असून तीत रासायनिक खतांस बंदी नाही. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला.

द्राक्षावरील केवडा रोगासाठी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीत चालते. पण त्यातील तांबे मातीत साचत जाते. म्हणून यूरोपीय संघाने २०१९ पासून तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किग्रॅ. अशी मर्यादा घातली. प्रमाणनाच्या नियमांत जलसंधारणाचा उल्लेख असला, तरी विंधण विहिरीची पातळी वर्षानुवर्षे खाली नेणारा, केवळ शेणखतावर वाढविलेला ऊस शाश्वत म्हणता येणार नाही. उलट मृदापरीक्षणानुसार बेताचा युरिया देऊन कडधान्यांची फेरपालट करणारा कोरडवाहू शेतकरी शाश्वततेच्या अधिक जवळ असू शकेल, पण त्यास सेंद्रिय प्रमाणपत्र मिळणार नाही.

हा भेद दुर्लक्षिल्याची मोठी किंमत श्रीलंकेने मोजली. तेथील शासनाने २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. पुरेसे कंपोस्ट उपलब्ध नव्हते आणि संक्रमणासाठी अवधीही दिला नव्हता. नोव्हेंबरमध्ये बंदी उठविण्यात आली, तरी पुढील हंगामात भाताचे उत्पादन फार घटले व तांदूळ आयात करावा लागला.