मानेतील धमनी : शवविच्छेदनापासून निदानापर्यंत

१८३६ साली कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवाचे विच्छेदन केले. आधुनिक काळात हे धाडस करणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याच सुमारास त्यांनी संपादिलेली ‘सुश्रुतसंहिता’ही कलकत्त्यात छापली जात होती. कंठाच्या दोन्ही बाजूंच्या ‘नीला’ व ‘मन्या’ या वाहिन्यांना इजा झाल्यास वाचा जाते, असे सुश्रुतांनी मर्मविचारात नोंदविले आहे. आजच्या दृष्टीने त्यात स्वरयंत्राच्या मज्जातंतूंची इजाही असू शकेल. तथापि मानेतील वाहिन्या जपण्याजोग्या आहेत, ही जाण प्राचीन आहे.

मानेवरील आघात आणि अर्धांगवायू यांची सांगड बसण्यास पुढे बराच काळ लागला. १८७२ साली फ्रेंच शल्यविशारद व्हेर्नय यांनी अशा एका रुग्णाची नोंद केली. पण निदान झाले ते मृत्यूनंतर. १९२७ साली लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी ग्रीवाधमनीत क्ष-किरणांना अपारदर्शक असा द्रव टोचून जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले. १९७१ साली लंडनमध्ये रुग्णावर पहिला सीटी स्कॅन झाला आणि पुढे त्यातूनच सीटी अँजिओग्राफी विकसित झाली.

दुचाकीच्या अपघातात वा खेळताना मान झटक्याने वळली, की धमनीचे आतील अस्तर फाटू शकते. रक्त भित्तिकेच्या थरांत शिरते, गुठळी धरते आणि तिचा तुकडा मेंदूत जाऊन अडकतो. इजा व पक्षाघात यांमध्ये काही तासांचे, कधी काही दिवसांचे अंतर असते. या अवधीत तरुण रुग्ण धडधाकट दिसतो आणि मेंदूचा साधा सीटी स्कॅनही निर्दोष येऊ शकतो. मानेत एका बाजूला तीव्र वेदना, उतरलेली पापणी, त्याच डोळ्याची बारीक झालेली बाहुली, एवढ्याच खुणा कधीकधी आढळतात. त्या ओळखून मानेची सीटी अँजिओग्राफी केली, तर गुठळी रोखणारी औषधे वेळीच देता येतात.

कोलकात्यातील बांगूर मज्जाविज्ञान संस्थेतील तज्ज्ञ आता दूरवैद्यकाद्वारे जिल्हा रुग्णालयांना पक्षाघाताच्या उपचारांत मार्गदर्शन करतात. मात्र मानेच्या दुखापतीची चौकशी पहिल्या तपासणीतच व्हावी लागते. अर्धांग लुळे पडल्यावर झालेले निदान बरेचदा उशिराचे ठरते.