वरोऱ्याची भीती आणि व्हॅसलीनची डबी

लहानपणी माझ्या कोपरांच्या घडीत आणि गुडघ्यांमागे इसब होतं. खाजवून खाजवून तिथली कातडी जाड, काळपट झाली होती. चंद्रपुरात ते पाहून कुणी ना कुणी आजीला हळूच म्हणायचं, "महारोग तर नाही ना? वरोऱ्याला दाखवून आणा." वरोरा म्हणजे आनंदवन. मग आजी मला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची, तोही मे महिन्यात, पारा 46 अंशांवर असताना. घामानं खाज आणखीच वाढायची.

इसब आणि कुष्ठरोग यांचं काही नातं नाही. इसब स्पर्शानं पसरत नाही. ते भयंकर खाजतं, तर कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो. पण मोठेपणी कुष्ठसेवेचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की माझ्या कातडीला जे हवं होतं, ते या कामातली माणसं फार आधीपासून शिकवत होती.

बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभं राहू लागलं. त्याआधी या रोगावर मुख्य भिस्त चौलमुगरा तेलावर होती. 1940च्या दशकात सल्फोन औषधं आली, पुढे डॅप्सोनच्या गोळ्या मिळू लागल्या आणि जंतू मरू लागले. मेलेल्या नसा मात्र परत येत नव्हत्या. नसा गेल्या की त्या भागाला घाम येत नाही, कातडी सुकते, तिला भेगा पडतात. दुखत नसल्यामुळे भेग कळत नाही; तिच्यात जंतुसंसर्ग होतो आणि तो हाडापर्यंत जातो. बोटं आपोआप झडत नाहीत, ती नकळत होणाऱ्या जखमांमुळे जातात, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं.

त्यावरचा उपाय अगदी साधा निघाला. हातपाय रोज वीसेक मिनिटं साध्या पाण्यात बुडवायचे आणि कातडी ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन चोळायचं. पाणी ओलावा देतं, तेल तो अडवतं. नुसतं तेल कोरड्या कातडीला पाणी देऊ शकत नाही. हे काम रोग बरा झाल्यावरही रोज, जन्मभर करायचं.

व्हॅसलीनही असंच कामगारांच्या हातून आलेलं. पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवरचे कामगार यंत्रांना चिकटणारा मेणचट थर भाजलेल्या जागी लावायचे. तो शुद्ध करून रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 साली पेटंट घेतलं.

इसबाचं मूळ 2006 साली अधिक स्पष्ट झालं. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला, तर कातडीची भिंत कच्ची राहते, पाणी बाहेर जातं आणि त्रासदायक गोष्टी आत शिरतात. स्टिरॉइड मलम भडका शमवतं, पण भिंत कच्चीच राहते. म्हणून इथंही रोजची निगा.

मग कोणतं मॉइश्चरायझर घ्यायचं? ब्रिटनमध्ये 550 मुलांवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांच्या परिणामात ठळक फरक आढळला नाही. जे तुम्ही रोज लावाल, तेच चांगलं. सुगंध नसलेलं घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मलमानं चिकचिक होते, तेव्हा क्रीम किंवा लोशन, हिवाळ्यात व्हॅसलीन. कोमट पाण्यानं थोडक्यात अंघोळ करा, अंग टिपा, पुसून काढू नका, आणि लगेच लावा. दिवसातून दोनदा, हात आखडता न घेता. मोहरीचं किंवा ऑलिव्हचं तेल इसबावर नको. मलम मुरलेले कपडे पटकन पेट घेतात, म्हणून ते घालून चुलीजवळ बसू नका. कातडी चिघळली, पाणी किंवा पू आला, तर डॉक्टर गाठा. दुकानदारानं दिलेलं खाजेचं मिश्र मलम मनानं लावू नका.

आजीकडे डबी होती. ती मला अंघोळीनंतर तासाभरानं, कातडी पार सुकल्यावर व्हॅसलीन लावायची, आणि तेही बोटभर. तिनं वरोऱ्याची भीती धरली नसती, कुणाचं ऐकून मला खरंच तिथं नेलं असतं, तर 'हा महारोग नाही' हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि कदाचित पाण्याची बादलीही दाखवली असती कुणीतरी.