काबूलमधल्या दोन कबरी

शाळेत इतिहासाच्या तासाला पानिपतचा धडा आला, की वर्गातल्या काही नजरा हळूच माझ्याकडे वळायच्या. अब्दालीचं नाव निघालं की जास्तच. मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा, अब्दालीच्या हाती सापडून मारला गेलेला इब्राहिमखान गारदी त्याच धड्यात होता. पण त्याच्या नावाला कुणी माझ्याकडे पाहिल्याचं आठवत नाही. पुढे २०१३ साली काबूलला जाण्याचा योग आला, तेव्हा त्या नजरा माझ्यासोबत होत्याच.

काबूल नदीजवळच्या गजबजलेल्या बाजारात तैमूरशहाची कबर आहे. हा अब्दालीचा मुलगा. मराठी माणसाला त्याचं नाव ठाऊक नसेल, पण अटकेपार गेलेले झेंडे ठाऊक असतात. १७५८ च्या एप्रिलमध्ये राघोबादादांच्या फौजा लाहोरला पोचल्या, तेव्हा तिथला कारभार टाकून निघून गेलेला तो हाच. त्यानंतर त्याचा बाप पुन्हा हिंदुस्थानात उतरला आणि १७६१ चं पानिपत घडलं. १७७२ मध्ये बापामागून तैमूरशहा गादीवर बसला आणि त्यानं राजधानी कंदाहारहून काबूलला आणली. १७९३ मध्ये तो वारला. कबरीची इमारत अष्टकोनी, विटांची, साधी. मनात राग आणावा म्हटलं तरी येईना. बाहेर हातगाड्यांवर डाळिंबं होती आणि भाव ऐन मंडईसारखा चालला होता.

दुसरी कबर बाबराची. 'तुमचा बाबर' हे शब्द मी गावाकडे किती वेळा ऐकले असतील, त्याची गणती नाही. यानं १५०४ मध्ये काबूल घेतलं, १५२६ मध्ये पानिपतची पहिली लढाई जिंकली आणि १५३० मध्ये आग्र्यात देह ठेवला. पण त्याचं मन हिंदुस्थानात कधी रमलं नाही. काबूलहून आलेलं खरबूज कापताना डोळ्यांत पाणी आल्याचं त्यानंच लिहून ठेवलं आहे. त्याच्या इच्छेप्रमाणे काही वर्षांनी त्याला इथं आणून उघड्या आभाळाखाली पुरलं. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी बाग, मधोमध पाण्याचा पाट, आणि शहाजहाननं १६४० च्या दशकात बांधलेली पांढऱ्या संगमरवराची छोटी मशीद.

ही बाग उद्ध्वस्त कुणी केली? परक्यांनी नव्हे. १९९२ मध्ये नजीबुल्ला यांचं सरकार पडलं आणि मुजाहिदीनांचे गट काबूलसाठी आपसांत लढू लागले. १९९६ पर्यंत शहराचा पश्चिम भाग ढिगारा झाला. लढाईची फळी बागेलगत होती. झाडं तोडली गेली, उरलेली पाण्यावाचून वाळली, मातीत सुरुंग आले. थोडं पुढं दारुल अमान हा अमानुल्लाचा राजवाडा तर मी पाहिला तेव्हा नुसता सांगाडा होता. २०१९ मध्ये तो पुन्हा उभा केला गेला. बागेचं काम मात्र आधीच झालं होतं. आगाखान न्यासानं सुरुंग काढून झालेल्या जमिनीत अक्रोड, जर्दाळू, चिनार लावले आणि २००८ मध्ये ती लोकांसाठी उघडली.

शुक्रवार होता. कुटुंबं सतरंज्या टाकून बसली होती, चहाच्या किटल्या फिरत होत्या. रोपांना पाणी देणारा एक म्हातारा माळी भेटला. निर्वासित म्हणून बरीच वर्षं पेशावरला काढलेली, त्यामुळे उर्दू चांगलं. मी विचारलं, "चाचा, बाबराला बघायला पुष्कळ लोक येतात?"

तो हसला. "बाबराला कोण येतं, बेटा? लोक सावलीला येतात. सावली तर अजून लहान आहे, म्हणून पाणी घालतो."

मग त्यानं माझं गाव विचारलं. मी मुंबईच्या बाजूचा म्हटलं. त्यानं मान हलवली, दुसऱ्या हातातला पाइप खाली ठेवला आणि खिशातून मूठभर जर्दाळू काढून माझ्या ओंजळीत टाकले.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूलची सत्ता पुन्हा तालिबानच्या हाती गेली. बातमी ऐकली तेव्हा मला आधी आठवला तो माळी, मग बाबर. माझ्या मुलीच्या पुस्तकात पानिपतचा धडा आला, तेव्हा मी तिला इब्राहिमखान गारदी आधी सांगितला. अब्दालीही सांगितला. आणि शेवटी म्हटलं, त्या गावी एक माणूस रोपांना पाणी घालत होता, तेही तुझ्या वहीत लिहून ठेव.