सहा खोटी नावं आणि लॉन्ड्रीची एक खूण

गांधीहत्येवरच्या मागच्या भागानंतर बरेच प्रश्न आले आणि त्यातले निम्मे 'चौथ्या गोळी'बद्दल होते. जालन्यात चहाच्या टपरीवरसुद्धा हा विषय निघाला की गाडी तिथेच जाऊन थांबते. आज मला गोळीकडे जायचंच नाहीये. २० जानेवारी ते ३० जानेवारी १९४८ या दहा दिवसांत नथुराम गोडसे आणि नारायण आपटे कुठे कुठे फिरले, आणि त्या फिरण्यातले कुठले बारीक धागे आजही लोंबकळत आहेत, तेवढंच बघू.

आधी पक्कं काय आहे ते सांगतो. १७ जानेवारीला दोघं विमानानं मुंबईहून दिल्लीला गेले. तिकिटावरची नावं होती डी. एन. करमरकर आणि एस. मराठे. दिल्लीत मरीना हॉटेलमध्ये उतरले ते एस. देशपांडे आणि एम. देशपांडे म्हणून. २० तारखेला बिर्ला हाऊसमध्ये स्फोट झाला, मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला आणि बाकीचे निसटले. हे दोघं कानपूरमार्गे २३ तारखेला मुंबईत परतले. २७ तारखेला पुन्हा विमानानं दिल्ली, रात्रीच्या गाडीनं ग्वाल्हेर, २९ ला परत दिल्ली. मुक्काम स्टेशनच्या रिटायरिंग रूममध्ये. आणि ३० तारखेला संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी ते घडलं.

आता धागे एकेक करून घेऊ.

पहिला धागा नावांचा. २७ तारखेच्या तिकिटावर नावं होती डी. नारायणराव आणि एन. विनायकराव. जरा मोठ्यानं वाचा. नारायण दत्तात्रय आपटे, नथुराम विनायक गोडसे. म्हणजे आडनाव काढून टाकलं, एकाच्या बाबतीत क्रम उलटा केला, झालं खोटं नाव तयार! आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव अशी पद्धत आहे. ती माहीत असलेल्या माणसासमोर संशयितांची यादी आणि प्रवाशांची यादी शेजारी शेजारी ठेवली असती, तर त्याला किती वेळ लागला असता? पण अशी यादी समोर ठेवायला आधी 'गोडसे' हे नाव कुणाच्या तरी कागदावर असायला हवं होतं.

ते असू शकलं असतं का? इथे दुसरा धागा येतो, लॉन्ड्रीचा. मरीना हॉटेलमधून दोघं घाईत निघाले तेव्हा धुवायला दिलेले कपडे मागेच राहिले. ते पोलिसांना मिळाले आणि त्यांवर खूण होती 'एन. व्ही. जी.' एवढ्यावरून माणूस सापडत नाही, हे मान्य. देशात हजार एन. व्ही. जी. असतील. पण मदनलालच्या जबाबात पुण्याच्या एका मराठी वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता. पत्राचं नाव 'अग्रणी' किंवा 'हिंदु राष्ट्र'. आणि मुंबई सरकारच्या वर्तमानपत्रांच्या यादीत 'अग्रणी'समोर संपादक म्हणून एन. व्ही. गोडसे हे नाव होतं. कपड्यावरची तीन अक्षरं आणि यादीतला एक रकाना. आम्ही कामात दोन टेबलं जोडतो ना, तसली ही साधी जोडणी. फक्त एक टेबल दिल्लीत होतं आणि दुसरं मुंबईत.

तिसरा धागा खरा भांडणाचा आहे: संपादकाचा तो उल्लेख मुंबईला कधी कळला? स्फोटानंतर लगेच दिल्लीचे दोन पोलीस अधिकारी मुंबईत आले आणि नगरवालांना भेटले. दिल्लीचं म्हणणं, आम्ही संपादकाची माहिती दिली होती. मुंबईचं म्हणणं, असलं काही आम्हाला दाखवलंच नाही. न्यायमूर्ती कपूर आयोगानं १९६६ ते १९६९ या काळात यावर बराच खल केला. दिल्लीनं पुढे केलेला कागद त्याच दिवसांतला आहे की नंतर लिहिलेला, इथपर्यंत शंका घेतली गेली. शिवाय दिल्लीच्या कागदांवर 'करकरे'चं 'किरकरी' झालं होतं. तिकडे मुंबईत रुईया कॉलेजच्या प्रा. जे. सी. जैन यांनी २१ तारखेलाच बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांना मदनलालनं आपल्याला काय सांगितलं होतं ते कळवलं होतं. म्हणजे मुंबईकडे करकरे होता, पण संपादक नव्हता. दिल्लीकडे संपादक होता, पण करकरेचं नाव धड नव्हतं.

आणि मग येतो तो प्रवास. पुण्याचे सीआयडीचे उपमहानिरीक्षक राणा तेव्हा दिल्लीतच होते. मदनलालच्या सविस्तर जबाबाची प्रत घेऊन ते मुंबईला निघाले, पण रेल्वेनं, आणि तेही अलाहाबादमार्गे. पोचले २७ तारखेला. ज्या दिवशी गोडसे-आपटे विमानानं मुंबई सोडून दिल्लीला गेले, त्याच दिवशी त्यांचा माग देणारा कागद मुंबईत येत होता. विमान तर दोघांनाही उपलब्ध होतं.

चौथा धागा ग्वाल्हेरचा. ज्या बेरेटा पिस्तुलानं हत्या झाली ते कुठून आलं? सरकारी पक्ष म्हणाला, ग्वाल्हेरहून, डॉ. परचुऱ्यांच्या मदतीनं. गोडसे म्हणाला, ग्वाल्हेरला गेलो होतो ते निदर्शनांसाठी स्वयंसेवक मिळतात का बघायला, पिस्तूल दिल्लीत एका निर्वासिताकडून घेतलं. परचुऱ्यांचा कबुलीजबाब उच्च न्यायालयात टिकला नाही आणि १९४९ मध्ये ते सुटले. ग्वाल्हेरच्या साखळीतले तीन आरोपी तर फरारच होते. म्हणून ही साखळी आजही मध्येच तुटलेली दिसते.

पाचवा धागा सगळ्यात नाजूक, सावरकर सदनाचा. १४ जानेवारीला पुण्याच्या गाडीत भेटलेल्या एका चित्रपट अभिनेत्रीनं दोघांना दादरहून गाडीतून शिवाजी पार्कला सोडलं. तिथून पुढे काय झालं? माफीचा साक्षीदार बडगे म्हणाला की १७ तारखेला आपण खाली थांबलो, दोघं वर गेले, आणि निघताना सावरकरांनी यशस्वी होऊन या, अशा अर्थाचे शब्द काढले. लाल किल्ल्यातल्या न्यायालयानं या बाबतीत एकट्या बडगेच्या शब्दावर विसंबायला नकार दिला आणि सावरकर निर्दोष सुटले. पुढे कपूर आयोगासमोर सावरकरांचे अंगरक्षक आणि सचिव यांचे १९४८ चे पोलीस जबाब आले. त्यात जानेवारीतल्या भेटींचा उल्लेख आहे आणि आयोगाचा निष्कर्ष सावरकरांच्या विरोधात गेला. पण त्या जबाबांची न्यायालयात उलटतपासणी कधीच झाली नाही. दोन्ही बाजूचे लोक यातलं अर्धंच सांगतात. तुम्ही दोन्ही अर्ध लक्षात ठेवा.

आता माझं मत. प्रत्येक धाग्याला मी एकच प्रश्न विचारतो: हा सुटला तर काय बदलेल? पिस्तूल ग्वाल्हेरचं की दिल्लीचं, यानं मारेकरी बदलत नाही. सावरकर सदनातली भेट सिद्ध झाली तर कटाची व्याप्ती बदलते, म्हणून तो वाद मोठाच राहणार. पण लॉन्ड्रीची खूण, संपादकाचा उल्लेख आणि राणांचा प्रवास, हे धागे वेळेत जुळले असते तर ३० जानेवारी बदलली असती. एकाच माणसाचा जीव घ्यायचा प्रयत्न झालाय, एक आरोपी हातात आहे, आणि दहा दिवस मिळालेत. न्यायाधीश आत्माचरण यांनीही निकालात या दहा दिवसांतल्या पोलिसांच्या ढिलाईवर ताशेरे ओढले होते. चौथी गोळी रंगतदार वाटते, कारण तिच्यात कुणीतरी अदृश्य हात असतो. इथे अदृश्य कुणीच नाही. माहिती होती, ती दोन कचेऱ्यांत वाटली गेली होती आणि एका गाडीत बसून हळूहळू येत होती.

शेवटी एक विनंती. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं, सप्टेंबर १९४८ अजून यायचा होता. ही बातमी आपल्या गावात कशी पोचली, हे घरातल्या थोरांकडून कुणी ऐकलं असेल तर पाठवा. फक्त एक करा: आजोबांनी स्वतः पाहिलेलं आणि आजोबांनी दुसऱ्याकडून ऐकलेलं, हे वेगवेगळं लिहा. पुढच्या भागात ते वाचून दाखवीन.